जिवाणूंना थारा न देणारे पृष्ठभाग: पंखापासून खाटेच्या कठड्यापर्यंत

मध्य प्रदेशातील इंदूर जिल्ह्यात, देपालपूर तहसिलीत, गौतमपुरा नावाचे एक लहान नगर आहे. मल्हारराव होळकर यांच्या पत्नी आणि अहिल्याबाईंच्या सासूबाई गौतमाबाई यांचे नाव त्या नगराने धारण केले आहे. एरवी हे नाव फारसे कोणाच्या कानावर येत नाही. दिवाळीनंतर पाडव्याच्या संध्याकाळी मात्र ते देशभरच्या बातम्यांत झळकते. त्या संध्याकाळी गौतमपुऱ्याचा ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रुणजी गावाचा ‘कलंगी’ असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात व एकमेकांवर पेटती हिंगोटे फेकतात. हिंगोट म्हणजे मराठीत ज्याला हिंगणबेट म्हणतात त्या काटेरी झाडाचे लिंबाएवढे, कठीण कवचाचे फळ. ते कोरून वाळवायचे, आत दारू भरायची, तोंड मातीने लिंपायचे आणि बांबूची काडी बांधायची, की अस्त्र तयार होते. हाच वृक्ष संस्कृतातील इंगुदी. कालिदासाची शकुंतला दर्भाने जखमी झालेल्या हरिणशावकाच्या तोंडाला जे तेल लावते, ते याच इंगुदीचे. एकाच फळाकडे माणसाने जखम करण्याचे आणि जखम भरण्याचे, अशी दोन्ही कामे सोपवली आहेत.

या युद्धात दरवर्षी कमी-अधिक माणसे भाजतात. बहुतेकांचे मैदानालगतच्या मलमपट्टीवर निभावते; ज्याला खोलवर भाजले त्याला मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. पुढचा धोका तेथे सुरू होतो. भाजलेल्या जागी त्वचेचा तट ढासळलेला असतो, मृत ऊती ओलसर व प्रथिनांनी भरलेल्या असतात आणि रक्तपुरवठा तुटल्यामुळे प्रतिजैविक औषध तेथवर नीट पोहोचत नाही. अशा जखमेत ठाण मांडणाऱ्या जिवाणूंपैकी अत्यंत कुप्रसिद्ध म्हणजे ‘स्यूडोमोनस एरुजिनोसा’. तो रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून येतो, परिचारिकेच्या हातावरून येतो, हात धुण्याच्या बेसिनमधून येतो आणि खाटेच्या कठड्यावरूनही येतो.

नेमक्या याच जिवाणूने २०१२ साली पदार्थविज्ञानात एक नवे दालन उघडले. मेलबर्न येथील स्विनबर्न विद्यापीठातील एलेना इव्हानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकाडा या कीटकाच्या पंखावर स्यूडोमोनस सोडला. पावसाळ्याच्या तोंडावर झाडाझाडांतून कर्कश किरकिर करणारा जो कीटक आपण ऐकतो, त्याच कुळातील ही ऑस्ट्रेलियन जात. तिच्या पंखावर सुमारे २०० नॅनोमीटर उंचीच्या, बोथट टोकांच्या असंख्य खुंट्या ओळीने उभ्या असतात. माणसाच्या केसाची जाडी याच्या काही शेपट भरते. जिवाणू पंखाला चिकटले, पण काही मिनिटांतच फुटून मेले. पंखात एखादे जंतुनाशक रसायन असेल, ही शंका साहजिक होती. म्हणून पंखावर सोन्याचा सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा थर चढवून प्रयोग पुन्हा केला गेला. रसायन झाकले गेले, आकार तसाच राहिला आणि जिवाणू पुन्हा मेले. मारणारी गोष्ट होती ती पृष्ठभागाची घडण. पुढे मांडलेल्या प्रतिमानानुसार खुंटीचे टोक जिवाणूला सुईसारखे भोसकत नाही. दोन खुंट्यांच्या मध्ये झोळीसारखे लोंबकळणारे जिवाणूचे आवरण ताणले जाते आणि ताण असह्य झाला की फाटते. ज्यांची भिंत जाड व ताठ असते, ते स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू मात्र या पंखावर तगून राहतात.

ही मर्यादा दुसऱ्या एका कीटकाने ओलांडली. २०१३ मध्ये याच गटाने चतुराचा पंख आणि ‘कृष्ण सिलिकॉन’ यांची तुलना प्रसिद्ध केली. कृष्ण सिलिकॉन म्हणजे वायूच्या साहाय्याने कोरून कोरून काळे दिसू लागलेले, सूक्ष्म सुळ्यांनी भरलेले सिलिकॉन. दोन्हींवर दोन्ही प्रकारचे जिवाणू मेले. ज्या चतुराचा पंख अभ्यासला, त्याच्या वंशातील भाईबंद आपल्या शेताच्या बांधांवरही भिरभिरताना दिसतात.

गौतमपुऱ्यातील भाजलेला तरुण आणि मेलबर्नमधील पंख यांच्यामधले अंतर किती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शोध लागून दशकाहून अधिक काळ लोटला. या काळात शोधनिबंधांचा डोंगर उभा राहिला. इस्पितळाच्या खाटेपर्यंत मात्र फारच थोडे पोहोचले. हाच प्रश्न वाळपईच्या किंवा बांबोळीच्या रुग्णालयालाही लागू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, तातडीच्या उपचारांसाठी दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ आणि कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच नवा संसर्ग जडतो व अशा बाधितांपैकी सरासरी दहांतील एक जण दगावतो. कोरड्या पृष्ठभागावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस आठवड्यापासून काही महिन्यांपर्यंत तग धरू शकतो, अॅसिनेटोबॅक्टरही महिनोन्‌महिने टिकतो. खाट रिकामी झाली, चादर बदलली, नवा रुग्ण आला. कठड्यावरचा जुना भाडेकरू तेथेच राहिला, असे सहज घडू शकते.

निसर्गाचे अनुकरण करणाऱ्या या पृष्ठभागांत मारणारे थोडे आणि थारा न देणारे अधिक आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. थारा न देण्याचा सर्वांत परिचित नमुना आपल्या परसात आहे. अळवावरचे पाणी ही क्षणभंगुरतेची उपमा मराठीने केली. ते पाणी का ठरत नाही याचे उत्तर पानावरील सूक्ष्म उंचवट्यांत आणि त्यांवरच्या मेणाच्या कणांत आहे. थेंबाला पानाचा पुरता स्पर्शच होत नाही, तो हवेच्या उशीवर बसतो आणि घरंगळताना धूळ सोबत नेतो. कमळाच्या पानाच्या या गुणाचा पद्धतशीर अभ्यास जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला आणि दोनच वर्षांत त्यावर आधारित भिंतीचा बाह्यरंग युरोपच्या बाजारात आला. अळवाच्या पानाकडे अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये लक्ष वेधले: पान पाण्यात बुडवून ठेवले तरी त्याच्या सूक्ष्म घडणीमुळे जिवाणूंना त्यावर चिकटणे अवघड जाते. मात्र अळवाच्या पानावर बोट जोराने घासून पाहा. तेवढ्या जागी पाणी पसरू लागते. साबण, तेल वा रक्तद्रव यांपुढेही ही माया टिकत नाही. घराची बाहेरची भिंत पावसाने धुतली जाते, इस्पितळातील भिंत फडक्याने पुसली जाते. रंग विकला गेला आणि तोच गुण वॉर्डात उतरला नाही, याचे हे साधे कारण.

मोरीची गोष्ट याहून रंजक आहे आणि ती गोमंतकीयांना अधिक जवळची वाटावी. मोरी साफ करणाऱ्याला ठाऊक असते की, तिच्या कातडीवर शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर ती कानशीसारखी लागते. ती खवल्यांची नव्हे, दातांसारख्या सूक्ष्म कंगोऱ्यांची कातडी असते. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत यासाठी अमेरिकी नौदलाला विषारी रंगांऐवजी दुसरा उपाय हवा होता. या समस्येची जातकुळी गोव्याला अपरिचित नाही. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जहाजांना लागणाऱ्या सागरी जीवांच्या थराचा अभ्यास दीर्घकाळ चालत आला आहे. फ्लोरिडा विद्यापीठातील अँथनी ब्रेनन यांना २००२ मध्ये पर्ल हार्बरला पाणबुडीचा बरबटलेला तळ पाहून प्रश्न पडला की, संथ पोहणाऱ्या कोणत्या सागरी प्राण्याचे अंग स्वच्छ राहते? उत्तर मिळाले शार्कचे. त्यांनी कातडीचा ठसा घेतला, त्यावरून २ मायक्रोमीटर रुंदीच्या व ३ मायक्रोमीटर उंचीच्या पट्ट्यांची हिऱ्याच्या आकारातील नक्षी बेतली आणि ती सिलिकोनवर उमटवली. हिरव्या शेवाळाच्या बीजाणूंचे बसणे ८० टक्क्यांहून अधिक घटले. मग तीच नक्षी जिवाणूंवर आजमावण्यात आली. २००७ च्या अभ्यासात १४ व्या दिवशी गुळगुळीत पृष्ठभागाचा ५४ टक्के भाग स्टॅफिलोकॉकसने व्यापला होता, नक्षीच्या पृष्ठभागाचा ७ टक्के. येथे जिवाणू मरत नाहीत. त्यांना वसाहत करण्याजोगी सपाट जागा मिळत नाही, एवढेच.

याच ‘शार्कलेट’ नावाने कंपनी निघाली, दरवाजांवर व मेजांवर डकवायचे पातळ पटल बाजारात आले, आणि २०१७ मध्ये चिनी गुंतवणूकदारांनी ती कंपनी विकत घेतली. कंपनीशी संबंधित संशोधकांच्याच २०१४ च्या एका निबंधात या नक्षीवर औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे प्रमाण गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा ९४ टक्क्यांनी कमी आढळले. आकडे पाहता इस्पितळे या पटलांनी मढली जायला हवी होती. तसे झाले नाही. दुसरीकडे, घटपर्णीच्या निसरड्या काठावरून सुचलेला, तेलाने भिजवलेल्या छिद्रमय थराचा लेप हार्वर्ड विद्यापीठातील जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २०११ मध्ये मांडला. त्यातून जन्मलेल्या कंपनीने बाजारात आणलेल्या लेपांपैकी एक जहाजांच्या तळासाठीच आहे. जहाजाकडून इस्पितळाकडे निघालेली विद्या पुन्हा जहाजाकडे वळली.

अडते कोठे? पहिले उत्तर कसोटीत आहे. ‘९९.९ टक्के जिवाणू नष्ट’ असे जे वाक्य वेष्टनावर छापलेले असते, ते बहुधा आयएसओ २२१९६ या मानकानुसार केलेल्या चाचणीवर आधारलेले असते. या चाचणीत नमुन्याच्या तुकड्यावर जिवाणूंचे ०.४ मिलिलीटर द्रावण टाकतात, वर प्लास्टिकचे आवरण ठेवून ते पसरवतात आणि ३५ अंश तापमानात, ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत २४ तास राखून ठेवतात. इस्पितळातील कठडा चोवीस तास ओला नसतो. शिंकेचा तुषार काही मिनिटांत वाळतो, त्यावर दुसरा हात पडतो, तिसरा हात तेथून नाकाकडे जातो. ओलाव्यावाचून चांदीचे आयनही फारसे हलत नाहीत. म्हणजे चाचणीत उत्तीर्ण झालेला पृष्ठभाग वॉर्डात निकामी ठरू शकतो आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. शिवाय ९९.९ टक्के ऐकायला जितके दणदणीत, तितके ते नाही. दहा लाख जिवाणूंतून तेवढे गेले तरी हजार उरतात आणि पोषक ओलावा मिळाला तर काही तासांत ते पूर्वपदावर येतात.

दुसरी अडचण मापाची आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत मूलभूत. पंखावरील खुंटी २०० नॅनोमीटरची. माणसाच्या अंगावरून सतत झडणाऱ्या त्वचेचा एक कण त्याच्या शंभरपट मोठा. असा एक कण म्हणजे खुंट्यांच्या त्या मैदानावर टाकलेले छप्परच. त्या छपरावर जिवाणू सुखाने नांदतो. घाम, रक्त, सांडलेली पेज, मलम यांचे पातळ लेप खुंट्यांमधल्या जागा भरून टाकतात. मेलेल्या जिवाणूंची रासही पुढच्यांना गादीसारखी उपयोगी पडते. जिवंत सिकाडा प्रौढावस्थेत काही आठवडेच जगतो. त्याच्या पंखाला पाच वर्षांची हमी द्यावी लागत नाही.

आणि मग फडके. सरकारी इस्पितळातील कठड्यावरून दिवसातून अनेकदा फडके फिरते, कधी फिनेलचे, कधी सोडियम हायपोक्लोराइटचे. ते फिरवणारी बाई घाईत असते, आणि तिने तसेच जोराने घासावे अशीच अपेक्षा असते. नॅनो आकाराच्या खुंट्या या घर्षणात वाकतात, मोडतात. सिलिकोनवरील मायक्रो आकाराची नक्षी अधिक सोसते, पण तिच्या खाचांत साचलेले रसायन वा मळ निघाला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. पुसणे थांबवावे असा सल्ला तर कोणीच देऊ शकत नाही.

तांब्याचे उदाहरण या संदर्भात बोधक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना आरोग्यविषयक दावा करण्याची मुभा दिली. घन पृष्ठभागाला मिळालेली अशी ती पहिली परवानगी. तिलाही अट होती: नेहमीची स्वच्छता कायम ठेवायची, हा पृष्ठभाग तिला पूरक, पर्याय नव्हे. २०१३ मध्ये तीन अमेरिकी रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतील ६१४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. कठडा, मेज, सलाईनचा खांब अशा खाटेभोवतीच्या मोजक्या वस्तू तांब्याच्या केल्या तेव्हा नव्या संसर्गाचे प्रमाण ८.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले. अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे आक्षेपही घेतले गेले. तरीही महत्त्वाचे हे की, तेथे जिवाणू नव्हे, आजारी पडलेली माणसे मोजली गेली. निसर्गाच्या घडणीवर बेतलेल्या पटलांच्या विक्रेत्यांनी असा पुरावा पुढे ठेवला तर चर्चेचा सूर बदलेल. उलट, पुराव्याअभावी काय होते याचेही उदाहरण आहे: अमेरिकेतील कैसर परमानंटे या मोठ्या रुग्णालय समूहाने जंतुनाशक रसायने मिसळलेले रंग व अंतर्गत सजावटीचे साहित्य वापरणे २०१५ च्या अखेरीस बंद केले. घडणीवर आधारलेल्या पृष्ठभागांत रसायन नसते, त्यामुळे प्रतिरोधाचे भय कमी, हे त्यांचे खरे बलस्थान; पण बलस्थान म्हणजे परिणामाचा दाखला नव्हे.

उत्पादनखर्चाविषयी मात्र जितकी निराशा व्यक्त केली जाते तितकी योग्य नाही. कृष्ण सिलिकॉन निर्वात कक्षात कोरावे लागते, ते महाग आणि ठिसूळ आहे. त्याचा कठडा कोणी करणार नाही. पटलांचे तसे नसते. महाग असतो तो साचा. एकदा साचा झाला की त्यावरून मीटरच्या मीटर प्लास्टिक छापून काढता येते. असे सूक्ष्म साचे घडवण्याची विद्या भारतात आहे, आणि योगायोगाने गौतमपुऱ्याच्याच जिल्ह्यात आहे. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांनी सूक्ष्म रचना कोरण्याची शलाकारेषा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कौशिक चॅटर्जी यांच्या गटाने टायटॅनियमवर अशी घडण कोरून, जिवाणूंना मारणारी पण हाडाच्या पेशींना सोसणारी रोपणे कशी करता येतील याचे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. खर्च होतो तो पुराव्यावर: शेकडो खाटा, वर्षभराची नोंद, संख्याशास्त्रज्ञ, प्रयोगशाळा.

याच कारणाने माझे मत असे झाले आहे की, या विद्येची खरी बाजारपेठ कठडा किंवा दरवाजाची मूठ ही नाही. ती शरीरात आहे: लघवीची नळी, शिरेत ठेवायची नळी, हाडातले रोपण. तेथे फडके फिरत नाही. वस्तू काही दिवसांची किंवा एकदाच बसवायची असते. चौरस सेंटिमीटरमागे मोजायची किंमत कितीतरी अधिक असते आणि संसर्ग टळला तर वाचणारा पैसाही थेट हिशेबात दिसतो. खोल भाजलेल्या रुग्णाला यांतील दोन्ही नळ्या बहुधा लागतात. कायद्याचा मार्गही तेथे स्पष्ट आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार उपकरणांची धोक्याप्रमाणे चार वर्गांत विभागणी होते. कमी जोखमीच्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि वरच्या दोन वर्गांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. विक्रेत्याला दावा सिद्ध करावा लागतो. भिंतीला डकवायच्या पटलाच्या बाबतीत अशी शिस्त सैल आहे. करोनाकाळात लिफ्टच्या बटणांवर जे जंतुनाशक कागद चिकटवले गेले, त्यांतील किती कसास उतरले असते, हे वाचकांनीच ताडावे. रक्तातील प्रथिने नळीवर काही मिनिटांत थर धरतात ही शरीरातली अडचण आहेच, परंतु निदान ती एकच अडचण आहे.

खरेदीची पद्धत हा शेवटचा आणि कमी बोलला जाणारा अडसर. सरकारी रुग्णालय निविदेने किंवा शासकीय ई-बाजारपेठेवरून खरेदी करते आणि सर्वांत कमी दराला झुकते माप मिळते. साधी नळी आणि नक्षीची नळी यांच्या दरात फरक असणार. नक्षीमुळे टळलेल्या संसर्गाची किंमत निविदेच्या कोणत्याही रकान्यात मांडली जात नाही. मोठ्या राज्यात हा रकाना तयार करणे कठीण आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात ते तुलनेने सोपे जावे. गोमेकॉ, म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आणि मडगावचे दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ एवढ्या तीन ठिकाणी एकाच नमुन्यात नोंदी ठेवल्या, तरी राज्यातील गंभीर रुग्णांचा फार मोठा भाग त्यांत येतो. अर्ध्या खाटांना नव्या नळ्या, अर्ध्यांना जुन्या, आणि कोणाला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला याची वर्षभर मोजणी: एवढ्याने विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा अधिक कळेल.

पटल घेण्याचा मोह झालाच, तर खरेदी समितीने मागायच्या गोष्टी फार नाहीत. कोऱ्या नमुन्याची नव्हे, तर एक टक्का हायपोक्लोराइटने काही हजार वेळा पुसलेल्या नमुन्याची चाचणी मागावी. ती ओल्या द्रावणाबरोबरच वाळलेल्या थेंबावरही झालेली असावी. द्रावणात रक्तद्रव मिसळलेला असावा. आणि जिवाणूंत स्यूडोमोनस व स्टॅफिलोकॉकस दोन्ही असावेत, कारण पहिल्याला मारणारा पंख दुसऱ्याला सोडून देतो. पटल फाटले वा कड उचलली गेली तर ते किती दिवसांत व कोणाच्या खर्चाने बदलायचे, हे करारात लिहिलेले असावे. उचललेल्या कडेखाली साचलेला ओलावा हा साध्या पोलादी कठड्यापेक्षा वाईट.